चांदण्यांच्या खिडकीवरचा आळ

मी खिडकी बोलतेय. खिडकी म्हटल्यावर तुम्ही कडी शोधाल, म्हणून आधीच सांगते: मला कडी नाही, बिजागरी नाही आणि मी जन्मात कधी उघडलेली नाही. वारा आत घेणं हे माझं काम नव्हे. त्यासाठी शेजारच्या भिंतीत दोन साध्या खिडक्या आहेत, त्या दिवसभर आपटत असतात. मी फक्त ऊन आत घेते आणि घेता घेता त्याला रंगवते. माझ्या अंगात निळी, लाल, हिरवी आणि मधाच्या रंगाची काच आहे. मधोमध बारा टोकांची मोठी चांदणी आहे, तिच्याभोवती लहान चांदण्या आहेत, आणि त्यांच्या मधल्या जागेत पतंगाच्या आकाराचे तुकडे गच्च बसवलेले आहेत. माझ्या बोलण्यात थोडा तोरा आहे, हे मला ठाऊक आहे. पण इतकी वर्षं लोकांनी मान वर करून बघितल्यावर कोणाला येणार नाही?

माझा जन्म व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. त्या वेळी श्रीमंतांना घराची प्रत्येक खोली वेगळ्या देशाची करायची हौस होती. आमचे मालक कागदाचे व्यापारी. ते लांबच्या प्रवासाला गेले, तिथे त्यांनी जुन्या मशिदी आणि राजवाडे पाहिले आणि मुस्लिम कारागिरांनी चुन्याच्या जाळीत रंगीत काचा बसवून केलेल्या खिडक्या पाहून त्यांनी तोंडात बोटं घातली. परत आल्यावर घरच्यांना त्यांच्याकडून दुसरा विषय ऐकायला मिळेना. शेवटी घर बांधायला काढलं तेव्हा, तंबाखू ओढत बसण्याच्या खोलीत तशी खिडकी हवीच, असा त्यांनी हट्ट धरला.

आर्किटेक्टने कंपास आणि पट्टी घेतली आणि वर्तुळातून वर्तुळ काढत माझी नक्षी मांडली. मालकांना ती फार आवडली. फक्त मधल्या चांदणीत आपला चेहरा असावा, अशी त्यांची इच्छा होती. आर्किटेक्ट बिचारा घाम पुसत समजावू लागला की ज्यांच्याकडून ही नक्षी आली ते लोक अशा कामात माणसाचा किंवा प्राण्याचा चेहरा काढत नाहीत, आणि चेहरा बसवला तर सगळे त्याच्याकडेच बघतील, चांदण्यांकडे कोणी बघणार नाही. मालक ऐकेनात. मग मालकीणबाईंनी विणकामावरून मान वर न करता म्हटलं, "तुमचं तोंड घरात रोज दिसतंच. खिडकीत आणखी कशाला?" विषय तिथेच संपला आणि मी वाचले.

मला घडवणारे काचमास्तर कामाला बसले की गुणगुणत, आणि सुराशी त्यांचं कायमचं भांडण होतं. जाड कागदावर माझी नक्षी काढून त्यांनी तिचे तुकडे कापले. दोन तुकड्यांच्या मधून शिशाच्या पट्टीइतका बारीक काप ते आठवणीने काढून टाकत, कारण तो राहिला तर प्रत्येक तुकडा केसभर मोठा होतो आणि शेवटी खिडकी चौकटीत मावत नाही. मग हिऱ्याच्या टोकाने काच कापली, शिशाच्या पट्ट्यांत बसवली, सांध्यांवर कथलाचा डाग दिला आणि फटींत पुट्टी भरली. सुताराने चौकट मात्र आपल्याकडच्या पद्धतीची केली होती, वर टोकदार कमान आणि कडेने कोरलेली पानं. त्यामुळे वरच्या बाजूला माझ्या काही चांदण्या अर्ध्याच आहेत. माझं नाक एका घराण्याचं आणि हनुवटी दुसऱ्या घराण्याची, पण चेहरा जमून आला आहे असं मला वाटतं.

त्या खोलीत पुरुष मंडळी चिरूट ओढत बसायची आणि जगाचे सगळे प्रश्न सोडवायची. बायकांना तिथे यायला बंदी. पण माझं तोंड मावळतीकडे, आणि माझा खरा थाट दुपार कलल्यावर. त्या वेळी पुरुष दुकानात असत आणि मालकीणबाई दार लोटून, चपला काढून, पाय पसरून आरामखुर्चीत बसत. त्यांच्या पायांवर लाल-निळे डाग पडत. त्या अंगठा हलवून डाग अंगठ्यावर घेत आणि एकट्याच हसत.

पुढे मालक गेले, मालकीणबाई गेल्या, मुलं पांगली, आणि घराचे भाग पाडून ते भाड्याने दिलं गेलं. माझ्या खोलीत कोण कोण राहून गेलं ते सांगत बसले तर संध्याकाळ होईल. एका भाडेकरूला रंगीत उजेडात दुपारची झोप लागेना, म्हणून त्याने माझ्यावर वर्तमानपत्र चिकटवलं. तो घर सोडून जाईपर्यंत केसांच्या तेलाची एकच जाहिरात मी वाचत होते. केस नसलेल्या माझ्यासारखीला त्या तेलाचे सगळे गुण पाठ झाले.

मग आत्या आली.

ती जगाची आत्या नव्हे, गुंडीची. गुंडी म्हणजे तिच्या भावाची मुलगी. लहानपणी तिने नाकात गुंडी घातली होती, ती काढायला डॉक्टरांकडे न्यावं लागलं, तेव्हापासून तिला कोणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. शिकायला म्हणून आत्याकडे आली आणि इथलीच झाली. आत्याचं काम शिवणाचं, त्यातही जुन्या कपड्यांच्या दुरुस्तीचं. झिजलेलं कोपर, फाटलेला खिसा, उंदराने कुरतडलेली शाल, सगळं तिच्याकडे यायचं. आल्या दिवशी तिने कोमट पाण्यात भिजवलेल्या बोळ्याने ते वर्तमानपत्र हळूहळू सोडवलं, मला पुसलं आणि गुंडीला म्हणाली की टेबल हिच्याखाली लाव.

लोकांना वाटलं बाईंना वेड लागलं. रंग जुळवायचं काम आणि तेही रंगीत खिडकीखाली! पण आत्याची रीत वेगळी होती. साध्या उजेडात दोन धागे जुळे वाटले तरी तिचं समाधान व्हायचं नाही. ती ते माझ्या लाल डागात न्यायची, मग हिरव्यात. साध्या उजेडात एकच दिसणारे दोन निळे धागे लाल उजेडात गेले की कधीकधी एक काळाकुट्ट होतो आणि दुसरा तांबूस राहतो. असा फुटलेला धागा ती बाजूला टाकायची. जो माझ्या सगळ्या रंगांत कापडाची साथ सोडत नाही, तोच सुईत ओवायची. तिने लावलेलं ठिगळ दिव्याखाली बघा, उन्हात बघा, शोधून सापडायचं नाही. गावात तिला 'खिडकीवाल्या बाई' म्हणू लागले. त्या नावात अर्धा वाटा माझा होता, आणि तेवढ्या वर्षांत माझ्या असण्याचं चीज झालं.

म्हणूनच पुढचं सांगताना मला अजून थोडा राग येतो.

आत्याचे डोळे जायला लागले. अंधार नव्हता होत, अक्षरं दिसत होती, सुईही ओवता येत होती. फक्त रंग तिला फसवू लागले. गडद निळ्याला ती काळा म्हणू लागली, फिकट पिवळ्याला पांढरा. माझ्या मधल्या चांदणीचा निळा डाग टेबलावर पडला असताना एकदा तिने तो फडक्याने पुसायचा प्रयत्न केला, काहीतरी मळ सांडलाय असं समजून. मी वरून सगळं बघत होते. आज मी तुमच्याशी घडाघडा बोलतेय, पण त्या वेळी काचेला वाचा कुठून येणार?

गुंडीला कळलं होतं. सकाळी आत्या भाजी आणायला गेली की ही आदल्या दिवशीचे कपडे काढायची, चुकलेलं ठिगळ उसवायची, बरोबर रंगाचं लावायची आणि घडी पहिल्यासारखी ठेवून द्यायची. टाके आत्याच्या वळणाचे घालायची, थोडे डावीकडे झुकलेले. आत्या परत आल्यावर स्वतःचं काम बघून खूश व्हायची. हे असं बरेच महिने चाललं होतं, आणि ते बघताना माझा जीव वरखाली व्हायचा.

एका आठवड्यात गुंडी तापाने पडली. नेमका त्याच आठवड्यात बँडमास्तरांचा कोट आला.

बँडमास्तर म्हणजे बागेत रविवारी वाजणाऱ्या बँडचे प्रमुख. पोट मोठं, मिशी मोठी, कान त्याहून तिखट. सगळा बँड जोरात वाजत असताना मागच्या रांगेतल्या एकाचा सूर हलला तरी ते वाजवणं थांबवून त्याच्याकडे बोट दाखवत. त्यांचा गडद निळा कोट कोपरावर फाटला होता. आत्याने तो नीट दुरुस्त केला, सुबक टाके घातले, आणि ठिगळ लावलं काळं. रविवारी मास्तरांनी काठी उचलली आणि पहिल्या रांगेतल्या पोरांना हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी ते कोट घेऊन आले. रागावले नव्हते, गोंधळलेले होते. "ताई, हे तुमच्या हातचं वाटत नाही," एवढंच म्हणाले.

आत्याने कोपर वर धरलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं. तिला काही वेगळं दिसत नव्हतं. मग तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि सगळं खापर माझ्यावर फोडलं. "या रंगीत काचेनं घात केला," ती म्हणाली. "नको त्या वेळी नको तो रंग पाडते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या रंगांच्या जिवावर तिने नाव कमावलं, त्यांच्यावरच आळ! गुंडी अंथरुणातून उठून आली, टेबल दुसऱ्या भिंतीला लावू म्हणाली, पण आत्याने एकदा तोंडातून शब्द काढला की तो खरा करून दाखवायचा तिचा स्वभाव. आणि खरं सांगायचं तर तिला मनातून आशाही होती. साधी काच बसली, भरपूर उजेड आला, तर सगळं पूर्वीसारखं दिसेल अशी. आताच्या घरमालकीणबाईंनी, खिडकी जपून ठेवणार असाल तर काढा, म्हणून परवानगी दिली आणि मला उतरवायला काचवाले काका आले.

काकांनी आधी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसून राहिले. एक रेघ धरून त्यांचं बोट चांदणीतून चांदणीत फिरत गेलं, चौकटीपाशी येऊन थांबलं. "ही नक्षी इथे संपत नाही," ते म्हणाले. "चौकट आड आली म्हणून थांबलीय." आत्याने नाक मुरडलं. काकांनी पुट्टी खरवडून मला सबंध बाहेर काढलं, घोंगडीत गुंडाळलं आणि बोळात कपाटामागे उभं केलं. काच आडवी ठेवली की स्वतःच्या वजनाने वाकते, हे त्यांनी दोघींना बजावून सांगितलं. चौकट मात्र त्यांनी होती तशीच ठेवली आणि तिच्यात साधी काच बसवली.

घोंगडीत मला काही दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. पहिल्या दिवशी आत्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मोठ्याने सांगत होती, "बघा किती लख्ख झालं!" दुसऱ्या दिवशी कळलं की त्या लख्ख काचेतून समोरच्या घरातले आजोबा बनियनवर दाढी करताना दिसतात, आणि आजोबांनाही या दोघी दिसतात. त्यांनी ब्रशसकट नमस्कार केला म्हणे. तिसऱ्या दिवशी आत्याला साध्या काचेवर जाड पडदा लावावा लागला. म्हणजे माझ्या वेळी होता त्याहून उजेड कमी! मी घोंगडीत पोटभर हसून घेतलं.

पण ते हसू टिकलं नाही. आत्याने बँडमास्तरांचा कोट पुन्हा हातात घेतला होता. या वेळी तिने गुंडीला जवळ फिरकू दिलं नाही. पडदा सारला, समोरच्या आजोबांची पर्वा केली नाही, भर उजेडात चिंध्यांच्या गाठोड्यातून तुकडा निवडला आणि टाके घातले. संध्याकाळी मास्तर आले. कोट उलगडल्याचा आवाज मी ऐकला.

"छान झालंय," मास्तर म्हणाले. "आता अगदी छान." त्यांनी कोट अंगात घातला, आभार मानले आणि जिना उतरून गेले.

जो माणूस भर बागेत एका चुकलेल्या सुरासाठी बँड थांबवतो, तो आज चूक गिळून गेला होता. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर आत्याने पाच परत केले असते. या दयेने मात्र तिला कळायचं ते कळलं.

"गुंडी," ती म्हणाली, "खरं सांग. मी कोणता तुकडा लावला?"

"तपकिरी."

"आणि कोट?"

"निळा, आत्या."

"मला दोन्ही एकच दिसतात." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "त्या खिडकीचा काही दोष नव्हता गं. मला निळा दिसेनासा झालाय."

गुंडीने मग उसवून शिवण्याचं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं आता आत्या भडकणार. ती भडकली नाही. तेव्हाच का नाही बोललीस, एवढंच तिने विचारलं.

"भीती वाटली. शिवण सुटलं तर तू खचशील."

"मलाही तेच वाटलं," आत्या म्हणाली. "हात थांबले की माझं काय उरतं?" आणि ती रडली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना ऐकलं. कपाटामागे माझ्या अंगावर घोंगडी होती, तरी मला गार वाटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी मोतीबिंदू सांगितला. भिंग धुरकट, पिवळं झालंय, ते काढून नवीन बसवू, एका वेळी एक डोळा. रंग परत येतील का, या प्रश्नावर त्यांनी बहुतेक येतील असं उत्तर दिलं. 'बहुतेक' हा शब्द आत्याला मुळीच पटला नाही. बहुतेक बरोबर ठिगळ मी कोणाला देत नाही, असं ती घरी येऊन कुरकुरली. शस्त्रक्रियेचा दिवस जवळ आला तशी ती गुंडीला 'बहुतेक म्हणजे किती?' असं पुन्हा पुन्हा विचारू लागली.

आदल्या दिवशी तिने काचवाल्या काकांना बोलावलं. गुंडी म्हणाली, डोळा बरा होऊ दे, मग बघू, घाई काय आहे. "डोळा सुधारो न सुधारो," आत्या म्हणाली, "तिच्यावरचा आळ आधी काढायचा." काकांनी मला चौकटीत बसवलं आणि कडांना नवी पुट्टी भरली. समोरचे आजोबा दिसेनासे झाले. आत्याने फडकं घेऊन मला तुकडा तुकडा पुसून काढलं. माफी मागणं तिच्या स्वभावात नाही. पण मधल्या चांदणीच्या प्रत्येक टोकात तिने फडक्याचा कोपरा घालून पुसलं, आणि मला पुरेसं झालं.

ती काळा चष्मा लावून घरी आली तेव्हा दुपार कलली होती. माझ्यावर ऊन नुकतंच आलं होतं. गुंडीने तिला हात धरून आत आणलं. तिने चष्मा काढला आणि वर बघितलं. मग तिने नवा डोळा हाताने झाकून जुन्याने बघितलं, जुना झाकून नव्याने बघितलं, पुन्हा झाकला, पुन्हा उघडला.

"अगं बाई," ती म्हणाली, "एवढी निळी आहेस तू?"

गुंडी तोंडात ओढणी कोंबून रडत होती आणि हसत होती. त्या दिवसापासून आत्याला खेळच मिळाला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगते की या डोळ्याने बघितलं की खिडकी चहात बुडवल्यासारखी आणि त्या डोळ्याने बघितलं की कालच घडवल्यासारखी. काचवाल्या काकांना तिने तसं एक डोळा मिटून उभं केलं. त्यांना काही फरक दिसला नाही, तर ती त्यांच्यावरच रागावली. दुसऱ्या डोळ्याचीही तारीख ठरली आहे. या वेळी तिला भीती वाटत नाही. फक्त नंतर तुलना करून दाखवता येणार नाही, याची तिला हळहळ वाटते.

माझं म्हणाल तर मी मजेत आहे. डाव्या अंगाच्या एका तुकड्याला केसभर चीर गेली आहे, शिसं थोडं मऊ झालं आहे, पण वयाच्या मानाने तब्येत बरी. माझ्यासारख्या जुन्या बायका अजून पुष्कळ घरांत, जिन्यांवर, दारांच्या वर उभ्या आहेत. कोणी त्यांना रंग फासला आहे, कोणी त्यांच्यावर कपाट टेकवलं आहे. तुमच्या ओळखीची असेल तर तिला मऊ फडक्याने पुसा, सोड्याने घासू नका, आणि दुपारी तिच्यासमोर जरा पाय पसरून बसा. आमची एवढीच मागणी आहे.

आता मला तुमचा निरोप घ्यायला हवा. ऊन आलंय आणि खाली गडबड सुरू झाली आहे. बँडमास्तर कोट घेऊन आलेत. तो आपणहून परत मागवून घेतलाय आत्याने, आणि मास्तर बिचारे चोरी पकडल्यासारखे उभे आहेत. तपकिरी ठिगळ उसवून झालं आहे. आत्याने दोन तुकडे टेबलावर ठेवलेत. मागच्या महिन्यात तिला ते सारखेच दिसले असते. ती ते माझ्या लाल डागात नेते, मग हिरव्यात, मग निळ्यात. गुंडी शेजारी उभी आहे. तिला उत्तर माहीत आहे, पण तिने ओठ घट्ट मिटले आहेत.

आत्या एक तुकडा बाजूला सारते. दुसरा उचलून बाहीवर ठेवते आणि कोणालाही न विचारता सुईत दोरा ओवते.

तुकडा बरोबर आहे.